ओल्या डोंगरातील शिकार आणि शिकाऱ्याचा पोशाख

शिकारीच्या ज्या कथा आपल्याकडे आवडीने वाचल्या गेल्या, त्यांत मचाण असते, चांदणे असते, पाणवठा असतो आणि शेवटी वाघ असतो. पोशाखाचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो, आणि आला तरी खाकी सदऱ्याच्या पलीकडे जात नाही. उष्ण देशातील शिकाऱ्याला त्याहून अधिक काही लागतही नसे. परंतु या पृथ्वीवर असेही डोंगराळ मुलूख आहेत की जेथे जनावर माणसावर चाल करून येत नाही. चाल करून येतो तो पाऊस, आणि त्याच्या मागोमाग वारा. अशा ठिकाणी शिकारी संध्याकाळी धडधाकट घरी परततो की नाही, हे त्याच्या रायफलीपेक्षा त्याच्या गंजीफ्रॉकावर अधिक अवलंबून असते. श्रोत्यांना हे विधान अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. ते तसे नाही हे समजण्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलँड्स नावाचा डोंगराळ प्रदेश आणि तेथील हरणांची शिकार यांचेच उदाहरण घेणे सोयीचे होईल. कारण ओल्या थंडीतील पोशाखाचा विचार त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे.

प्रारंभी एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग बंद केला, आणि ते योग्यच झाले. स्कॉटलंडची गोष्ट निराळी आहे. तेथील लांडगे केव्हाच नामशेष झाले. त्यामुळे तांबड्या हरणांची संख्या आवरणारे माणसावाचून दुसरे कोणी उरले नाही. ही हरणे म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलाची जवळची भाऊबंद. त्यांची संख्या वाढली की ती कोवळी झाडे खाऊन टाकतात, जंगल पुन्हा उगवत नाही, आणि कडक हिवाळ्यात त्यांच्यातलीच कित्येक उपाशी मरतात. म्हणून दरवर्षी ठरावीक संख्येने ती मारावी लागतात. नरांची शिकार परंपरेने उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत होते. माद्यांची मुदत २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी अशी चालत आलेली आहे, म्हणजे वर्षातला नेमका सर्वांत ओला, काळोखा आणि गारठ्याचा काळ. नरांच्या शिकारीला पाहुणे हौसेने येतात. माद्यांची शिकार बहुतांशी तेथील नोकरपेशाच्या मंडळींच्या वाट्याला येते, आणि पोशाखाची खरी परीक्षा होते ती तेव्हाच.

तेथील डोंगर उंचीने आपल्यापेक्षा मोठे आहेत असे मुळीच नाही. बेन नेव्हिस हे सर्वांत उंच शिखर १३४५ मीटरांचे. आपले कळसूबाई १६४६ मीटरांचे आहे. परंतु हा प्रदेश ध्रुवाच्या बाजूला इतका सरकलेला आहे, आणि अटलांटिक महासागरावरून येणारे ढग त्याच्यावर इतक्या नेमाने आपटतात, की पायथ्याशी सौम्य पाऊस असला तरी माथ्यावर गोठत आलेली सरी असते. दर हजार मीटरांना सुमारे साडेसहा अंश सेल्सियस उष्णता घटते, हा हिशेब शाळेत शिकविला जातोच. कोरडा बर्फ पडत असेल तर तो अंगावरून झटकता येतो. शून्याच्या वर दोनतीन अंशांवर पडणारा पाऊस झटकता येत नाही. तो शिवणीतून, मानेतून, बाहीतून आत शिरतो. म्हणून जाणते लोक उणे दहा अंशांच्या कोरड्या थंडीपेक्षा अधिक तीन अंशांच्या पावसाला जास्त भितात.

आता शिकाऱ्याचा दिवस कसा जातो ते पाहू. ही शिकार हाक्याची नव्हे. पाहुण्याबरोबर एक माहीतगार वाटाड्या असतो. त्याला तेथे स्टॉकर म्हणतात. पहाटे दोघे निघतात आणि दोनतीन तास चढ चढतात. अंग तापते, घामाने पाठ भिजते. मग दुर्बिणीतून कळप दिसतो. तेथून पुढे वारा तोंडावर घेऊन, ओढ्याच्या पात्रातून, पीट नावाच्या काळ्या स्पंजासारख्या दलदलीतून, कधी ओणवे तर कधी पोटावर सरपटत शे-दीडशे मीटरांपर्यंत जावे लागते. पोटाखाली बर्फासारखे पाणी, पाठीवर पाऊस. आणि तेथे पोहोचल्यावर नेमके असे घडते की ज्या मादीवर नेम धरावयाचा ती दुसरीच्या आड बसून रवंथ करीत असते. ती उठेपर्यंत थांबणे प्राप्त असते. अर्धा तास, तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, ओल्या अंगाने, यत्किंचितही हालचाल न करता पडून राहावयाचे. डोंगर चढणारा सामान्य प्रवासी थंडी वाजली तर चालू लागतो. शिकाऱ्याला ती मुभा नाही. प्रथम भरपूर घाम आणि लगेच पाठोपाठ संपूर्ण निश्चलता, हेच या शिकारीच्या पोशाखाचे खरे कोडे आहे. बाजारात मिळणारे बरेच कपडे या दोहोंपैकी एकाच गोष्टीचा विचार करून शिवलेले असतात.

ओल्या कपड्याने माणूस का गारठतो, हे थोडे शास्त्रदृष्ट्या पाहिले पाहिजे. कापड स्वतः ऊब देत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे कार्य. पाणी हे हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. हवेच्या जागी पाणी शिरले की तोच कपडा शत्रूपक्षाला मिळाला असे समजावे. शिवाय पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती शरीरातूनच घेतली जाते. एक लिटर पाणी कपड्यांत मुरले आहे व ते अंगाच्या उष्णतेने वाळावयाचे आहे असे धरले, तर त्याला सुमारे ५८० कॅलरी खर्ची पडतात. स्वस्थ पडलेला माणूस आठ तासांत साधारण तितकीच उष्णता निर्माण करतो. कपडे अंगावरच वाळतील म्हणून निश्चिंत राहणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

शरीराच्या अंतर्भागाचे तपमान ३५ अंशांखाली उतरले की वैद्यकात त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. तिची भयंकर गोष्ट अशी की ती प्रथम बुद्धीवरच घाला घालते. बोटे वळत नाहीत, बोलणे अडखळते, माणूस चिडचिडा होतो आणि पुढे पुढे आपल्याला थंडी वाजते आहे हेच तो विसरतो. ज्याच्या हाती भरलेली रायफल आहे त्याच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. अपघात टळला तरी बधिर बोटाने ओढलेल्या घोड्याची गोळी वर्मी लागत नाही, आणि जखमी हरीण धुक्यात नाहीसे होऊन दोन दिवस तडफडून मरते. तेथील भल्या स्टॉकरला याहून लज्जास्पद दुसरे काही वाटत नाही. गारठलेल्या पाहुण्याला तो सरळ गोळी झाडू न देता परत आणतो. आणि त्याने तसे करणेच उचित होय.

या विषयाकडे शास्त्रज्ञांचे गंभीरपणे लक्ष वेधले ते मात्र शिकारीमुळे नव्हे. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर भागात तरुण स्काउटांची सुमारे ७० किलोमीटर चालण्याची एक शर्यत होती. डोंगर ठेंगणे, हवा गोठणबिंदूच्या थोडी वर, परंतु पाऊस आणि वारा अखंड. धडधाकट तरुणांपैकी तिघे त्या शर्यतीत गारठून मेले. ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने त्या मृत्यूंचा अभ्यास केला. १९५३ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या मोहिमेबरोबर जो शास्त्रज्ञ होता तोच हा. त्याने तशाच प्रकारचे कपडे घालून, ते भिजवून, वाऱ्यात प्रयोग केले व १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कपडे भिजले आणि त्यांतून वारा वाहू लागला की त्यांची ऊब राखण्याची शक्ती बहुतेक नाहीशी होते, असे त्याला आढळून आले. भिजलेला माणूस जोराने चालत आहे तोवर कसाबसा तग धरतो. थकून त्याचा वेग मंदावला की त्याचे तपमान झरझर उतरते. शर्यतीतल्या मुलांचा वेग थकव्याने मंदावला होता. शिकाऱ्याला तर तो कळप दिसताच आपण होऊन शून्यावर आणावा लागतो, म्हणजे तो जाणूनबुजून त्याच संकटात शिरतो.

तेव्हा पहिला नियम कापसासंबंधी. आपल्या हवेत सुती कपड्यासारखा सज्जन दुसरा नाही, परंतु या डोंगरात तो घातक ठरतो. सुती धागा पाणी पिऊन मऊ पडतो, अंगाला चिकटतो, आणि त्यातील हवेचे पोकळ कप्पे मिटून जातात. त्यातही जीन्स नावाची जाड निळी विजार सर्वांत वाईट. ती ढीगभर पाणी धरते आणि दिवसभर वाळत नाही. लोकरीची तऱ्हा वेगळी. तिचा तंतू नैसर्गिकरीत्याच कुरळा व चिवट असतो. भिजला तरी तो आपला बाक सोडीत नाही, त्यामुळे हवेचे कप्पे बऱ्याच अंशी शाबूत राहतात. तो आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प पोटात घेऊनही स्पर्शाला ओला लागत नाही, आणि ते घेताना थोडी उष्णताही बाहेर टाकतो. ओली लोकर उबदार असते असे लोक म्हणतात ते पुरतेपणी खरे नाही. ती ओल्या कापसापेक्षा पुष्कळ कमी थंड असते, एवढेच खरे. पण एवढ्यावर माणसाचा जीव वाचतो.

ही गोष्ट सह्याद्रीच्या धनगराला कोणी पुस्तकातून शिकविलेली नाही. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली त्याची घोंगडी म्हणजे याच तत्त्वाचा अस्सल देशी आविष्कार होय. मुसळधार पावसात तिची खोळ करून तो डोक्यावरून घेतो. पाणी राठ केसांवरून ओघळते, आणि जे आत मुरते ते ऊब पार हिरावून नेत नाही. कोकणातल्या भातलावणीच्या बाईचे इरलेही येथे आठवावे. बांबूच्या कामट्या व पाने यांचे ते ढालीसारखे छप्पर पाठीवर असते; हात मोकळे राहतात, आणि पाठ व इरले यांमध्ये जी जागा उरते तीतून घामाची वाफ बिनदिक्कत निघून जाते. पाऊस अडवावा आणि वाफ मात्र कोंडू नये, हा जो प्रश्न युरोपातील रेनकोट करणाऱ्यांनी दोनशे वर्षे सोडविण्याचा यत्न केला, तो इरल्याने केव्हाच सोडविला होता. अर्थात इरले घेऊन हरणाच्या मागे सरपटता येणार नाही, ही गोष्ट वेगळी!

हायलँड्समधील लोकरीचे कापड म्हणजे ट्वीड. तेथील मोठमोठ्या जहागिरींनी एकोणिसाव्या शतकात आपापल्या डोंगराच्या रंगाशी मिळतीजुळती ट्वीडची ठराविक विणकाम-पद्धती ठरवून घेतली. कोठे हेदरचा जांभळट रंग, कोठे वाळल्या गवताचा, कोठे दगडाचा. राणी व्हिक्टोरियाचा पती आल्बर्ट याने बालमोरलसाठी करड्या रंगाचे कापड योजले ते तिकडच्या ग्रॅनाइट दगडाशी मेळ खावा म्हणून. नोकरांना ओळखण्याचा गणवेश आणि डोंगरात दडण्याचे साधन, असे दुहेरी काम त्याने होई. हॅरिस ट्वीडच्या बाबतीत तर १९९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने स्वतंत्र कायदाच केला. बाह्य हेब्रिडीज बेटांवरच रंगविलेल्या व कातलेल्या लोकरीचे आणि तेथील विणकरांनी घरी हाताने विणलेले असेल तरच त्याला ते नाव लावता येते. ट्वीड काट्याला दाद देत नाही, खडकावर घासले तर फाटत नाही, आणि मुख्य म्हणजे आवाज करीत नाही. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. भिजले की ते जड होते, आणि वाळावयास रात्र पुरत नाही.

या कापडाची विजार तेथे गुडघ्याच्या किंचित खाली बांधलेली असते, आणि त्याखाली जाड लोकरी पायमोजे. ही फॅशन म्हणून हसण्यावारी नेण्याचा मोह होतो. परंतु ओल्या गवतातून चालताना लांब विजारीचा घोळ पोटरीला फटफट आपटतो व पाणी वर शोषून घेतो, हे ज्याने अनुभविले आहे तो हसणार नाही. पायमोजा पिळून पुन्हा घालता येतो, विजार पिळता येत नाही. पायाला गुंडाळण्याची जी लोकरी पट्टी ब्रिटिश सैन्यात व गिर्यारोहकांत एके काळी सर्रास होती, तिचे इंग्रजी नावही आपल्याच ‘पट्टी’ या शब्दावरून गेलेले आहे. आणि ती दोन शेंड्यांची टोपी! शेरलॉक होम्सच्या डोक्यावर चित्रकार सिडनी पॅजेटने चढविल्यामुळे ती हेरगिरीचे चिन्ह होऊन बसली. मुळात ती हरणाच्या शिकाऱ्याची. पुढची झाप डोळ्यांवरचा पाऊस अडवते, मागची झाप मानेत जाणारे पाणी अडवते, आणि कानपट्ट्या वारा सुटला म्हणजे खाली सोडावयाच्या. माणूस पालथा पडलेला असताना मागच्या झापेची किंमत कळते.

आता पावसाच्या वरच्या कपड्याकडे वळू. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये विरघळविलेल्या रबराचा थर देऊन जलाभेद्य कापडाचे पेटंट घेतले. पाणी त्यातून आत येत नसे, हे खरे. पण आतले बाहेरही जात नसे. थंडीत ते ताठ होई, उन्हात चिकट होई, आणि त्याचा वास असा की कळप मैलावरून सावध व्हावा. पुढे रबर पक्के करण्याची युक्ती निघाली तेव्हा चिकटपणा गेला, घाम राहिलाच. मेणकापडाचे डगले खलाशांकडून डोंगरात आले. १८७९ च्या सुमारास टॉमस बर्बरीने गॅबर्डीन काढले. त्यात धागाच विणण्यापूर्वी जलरोधक करून घट्ट वीण घातलेली असे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांचे प्राण वाचावेत म्हणून मँचेस्टरच्या संशोधकांनी व्हेंटाइल नावाचे कापड तयार केले. ते शंभर टक्के सुती! लांब धाग्याच्या कापसाची वीण इतकी दाट की पाणी लागताच धागे फुगतात आणि छिद्रे आपोआप मिटतात. युद्धानंतर शिकाऱ्यांनी व पक्षिनिरीक्षकांनी ते उचलले, कारण ते सळसळत नाही. कापसाविषयी वर जे सांगितले त्याला हा अपवाद आहे. मात्र तो बाहेरच्या थरापुरताच, अंगालगतच्या थराला तो लागू नाही.

अलीकडचे जे पडद्याचे रेनकोट, त्यांचा उगम १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर याने टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून पाहिला त्यात आहे. त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडली. पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही, वाफेचा कण जाऊ शकतो. १९७६ पासून गोर-टेक्स या नावाने असे कपडे विकले जाऊ लागले. जाहिराती वाचून असा समज होतो की आता घामाचा प्रश्न मिटला. तो मिटलेला नाही. वाफ बाहेर जाण्यासाठी आत बाहेरपेक्षा अधिक दमट व उष्ण असावे लागते, आणि वरचे कापड कोरडे असावे लागते. तासभर पाऊस झाला की वरचे कापड भिजते आणि पडद्यावर पाण्याचा दुसरा पडदा बसतो. इकडे चढावर माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळू शकतो. परिणामी आत ओल साचते, आणि रेनकोट गळतो अशी तक्रार करीत गिऱ्हाईक दुकानात जाते. तो गळलेला नसतो. गिऱ्हाईकच आतून पाझरलेले असते. वरच्या कापडावर पाणी मोत्यासारखे घरंगळावे म्हणून जो लेप देत, त्यात फ्लोरिनयुक्त रसायने असत. ती निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत असे कळून आल्यापासून बिनफ्लोरिनचे लेप आले आहेत. ते लवकर झिजतात आणि पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शिकाऱ्याच्या रेनकोटाला आणखी तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली आवाजाची. दुकानात कपडा कानाशी धरून चुरगाळून पाहावा. कागदासारखा वाजला तर तो रस्त्यावर ठीक, डोंगरात नव्हे. दुसरी टोपडीची. मान वळवली की टोपडे बरोबर वळले पाहिजे. न वळेल तर एका बाजूचे जग दिसेनासे होते, आणि कान झाकले गेल्यामुळे स्टॉकरचे कुजबुजणेही ऐकू येत नाही. तिसरी रंगाची, आणि येथे लोकांच्या समजुती फार चुकीच्या आहेत. हरणाच्या डोळ्यात तांबडा रंग ओळखणारी योजना नसते. निळा मात्र त्याला आपल्यापेक्षाही चांगला दिसतो. म्हणून अमेरिकेच्या अनेक राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी अंगरखा सक्तीचा असतो तेव्हा हरणाला त्याचे काही वाटत नाही, आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र माणूस लांबून दिसतो. उलट निळी जीन्स हरणाला लगेच खुपते. अर्थात हिचा निकाल मागेच लागलेला आहे.

थंडीत काय काय अंगावर चढवावे, असा प्रश्न नवखा माणूस विचारतो. जाणता माणूस पाठपिशवीत काय ठेवावे हे आधी विचारतो. निघताना अंगात किंचित हुडहुडी भरली पाहिजे इतकेच कपडे घालावेत: पातळ लोकरी गंजीफ्रॉक, त्यावर ट्वीडचा किंवा लोकरीचा कोट, बस्स. चढावर कोटाची बटणे उघडी, टोपी खिशात. नॉर्वेचा हेन्रिक ब्रुन नावाचा सैनिकी अधिकारी याने १९३३ साली मासे धरण्याच्या जुन्या जाळ्याचा गंजीफ्रॉक शिवला. त्याच्या मोठ्या भोकांत हवा अडकते आणि घाम कातडीवर थबकत नाही. दिसावयास हास्यास्पद, पण अशी जाळीची बनियन १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही गेली होती. कळप दिसला की सरपटण्यापूर्वी, वाऱ्याच्या आडोशाला, दोन मिनिटे खर्च करून ओला गंजीफ्रॉक काढावा, कोरडा घालावा, त्यावर जाड स्वेटर, आणि मग रेनकोट व वरची जलाभेद्य विजार. उघड्या अंगाला गार वारा लागतो म्हणून बहुतेक जण हे टाळतात. ती दोन मिनिटे जे सोसतात त्यांना पुढचा तास सुसह्य होतो. पडून राहिल्यावर कुडकुडत कपडे बदलणे शक्य नसते. कळप पाहत असतो.

कोरड्या स्वेटराच्या जागी हल्ली पॉलिएस्टरची लव असलेले कापड वापरतात. ते पाणी जवळजवळ पीतच नाही, पिळले की पुन्हा वापरण्याजोगे होते, आणि वजनाला हलके असते. शेकोटीजवळ मात्र त्याला जपावे लागते, ठिणगीने वितळते. पिसांचा फुगीर कोट कोरड्या हिमालयात अमृतासारखा. ओल्या डोंगरात तो भिजून गोळा होतो व निरुपयोगी ठरतो. ज्याची ऐपत बेताची आहे त्याने आधी दोन चांगले लोकरी गंजीफ्रॉक व तीन जोड पायमोजे घ्यावेत, आणि रेनकोट उरल्या पैशांत घ्यावा. बहुतेक लोक उलट करतात. हजारोंचा रेनकोट, आणि आत सुती शर्ट!

पायांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पीटच्या दलदलीत पाय भिजणारच. कोरडे पाय ही आशाच सोडावी आणि ओले असूनही उबदार पाय कसे राहतील ते पाहावे; जाड लोकरी मोजे, आणि बोटांची हालचाल करता येईल इतका सैल बूट. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. सरपटताना एक भिजतो. दुसरा नेम धरण्याच्या क्षणापर्यंत छातीशी कोरडा ठेवावयाचा असतो.

न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य टोकाला फियॉर्डलंड नावाचा प्रदेश आहे. तेथील मिलफर्ड साउंडला वर्षाला ६००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या तोडीचा, परंतु कितीतरी गार. १९०५ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी भेट दिलेल्या वापिटी हरणांची तेथे शिकार चालते. तेथील शिकारी पावसात चक्क अर्ध्या विजारीत हिंडतात, हे ऐकून स्कॉटलंडचा माणूस तोंडात बोट घालतो. त्यांचे म्हणणे असे की दाट रानात कोणतीही विजार भिजणारच; कातडी मात्र लगेच वाळते. धडावर मात्र ते गुडघ्यापर्यंत येणारा जाड लोकरी सदरा घालतात. हे वरवर विपरीत दिसले तरी तत्त्व तेच आहे: पाणी धरून ठेवील असे काही अंगावर नको, आणि धड कोणत्याही परिस्थितीत उबदार हवे. चालत असताना उघडे पाय चालतील. मुक्कामाला पोहोचताच हेही लोक कोरडी लांब विजार चढवितात.

हरीण पडले म्हणजे काम संपले असे नाही. त्याचे पोट जागीच साफ करावे लागते. उघड्या हातांनी, पावसात. मग ते दोराने ओढीत खाली आणावयाचे, किंवा तट्टू येईल अशा जागेपर्यंत न्यावयाचे. येथे पुन्हा घाम सुटतो, आणि मघाचा कोरडा स्वेटर भिजविण्याची चूक पुष्कळ जण करतात. ओढण्यापूर्वी तो काढून पिशवीत घालावा. अंधार पडू लागला आहे, वाट चुकण्याचा संभव आहे, आणि रात्र बाहेर काढावी लागली तर तेवढा एकच कोरडा कपडा जवळ असतो.

शिकारीच्या घरांतून कपडे वाळविण्याची एक निराळी खोली असते. थकल्याभागल्या पाहुण्याला दिवाणखान्यापेक्षा ती अधिक प्रिय होते. ट्वीड विस्तवापासून दूर, हवेच्या झोतात, आपल्याच वजनाने सरळ लोंबत वाळू देतात; आचेजवळ ते आखडते. पीटचा चिखल ओला असताना पुसला तर कापडात मुरतो, म्हणून सुकल्यावर तो ब्रशाने झाडतात. लोकरी कपडा फार वेळा धुवीत नाहीत. साबणाने त्याची नैसर्गिक स्निग्धता जाते, आणि सुगंधी साबणाचा वास दुसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर कळपापर्यंत पोहोचतो. रेनकोट साध्या पाण्याने खळबळून टांगतात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतात, आणि झोपण्यापूर्वी एकदा उठून ते ओले बोळे काढून कोरडे घालतात.